मोळी, कोयता आणि विस्तव

काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघाले म्हणजे वरसावे मागे पडते आणि चेणे येते. एका हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या हाताला वसईची खाडी, आणि मधून डोंगरातले पाणी खाडीकडे नेणारी चेण्याची नदी. गाव आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. रस्त्यावर दिवसरात्र वाहनांची रीघ असते. तरीही डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांचा आणि लाकडाचा संबंध तुटलेला नाही. घरात गॅसची शेगडी आहे, पण अंघोळीचे पाणी, भाकरी, लग्नकार्याचा स्वयंपाक आणि पावसाळ्यातली ऊब यांसाठी अजून चूल लागते. चुलीला फाटी लागतात, आणि फाटी कोणीतरी आणावी लागतात.

लाकूड तोडणे, फोडणे आणि वाहणे हे काम अडाण्याचे, अंगमेहनतीचे, त्यात शिकण्यासारखे काय असणार, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. आपल्याच समाजातील शिकली-सवरलेली मुलेही, आजोबा लाकडे फोडत होते हे सांगताना आवाज खाली आणतात. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे. हे काम हलके कधीच नव्हते. ते पिढ्यानपिढ्या फुकट करवून घेतले गेले, आणि जे फुकट मिळते त्याची किंमत कोणी करीत नाही, म्हणून ते हलके ठरले. ही गोष्ट नीट समजावी म्हणून आधी ते काम काय आहे हे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे लाकूड ओळखणे. चेण्याच्या डोंगरातील जंगल पानगळीचे आहे. साग, ऐन, खैर, कळंब, पळस, पांगारा, काटेसावर, शिवण, आंबा, जांभूळ, उंबर ही झाडे तेथे आहेत, आणि त्यांच्या सावलीत कारवी आहे. जळणाच्या दृष्टीने ही सारी लाकडे सारखी नाहीत. खैराचे लाकूड जड असते. ते उशिरा पेटते, पण एकदा पेटले की त्याचा निखारा तासन् तास टिकतो. बाभूळ आणि चिंच यांचेही तसेच. पांगारा आणि सावर यांचे लाकूड हलके व पोकळसर असते. ते भुर्रकन पेटते आणि तसेच विझते, म्हणून ते विस्तव धरायला चांगले, पण डाळ शिजवायला निरुपयोगी. बांबूचे पेर दोन्ही बाजूंनी बंद असते. आतली हवा आणि ओल तापून फुगते आणि पेर बंदुकीसारखे फुटते, म्हणून बांबू जाळायचा तर आधी चिरून घ्यावा लागतो. कारवीच्या काठ्या मुख्यतः कुडाच्या भिंतींसाठी. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या वाळक्या काठ्या चूल पेटवायला उत्तम.

काही झाडे टाळायची असतात. बिब्ब्याच्या झाडाला घाव घातला की त्याचा रस अंगावर उडतो आणि फोड येतात. खाडीच्या कडेला तिवराच्या सोबतीने वाढणाऱ्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासे होते, आणि त्याचा धूरही डोळ्यांना बाधतो. पिंपळाला आपण बोधिवृक्ष म्हणून हात लावत नाही, आणि वड-पिंपळाला कुऱ्हाड न लावण्याची चाल तर गावोगाव जुनीच आहे. शिवाय वडा-पिंपळाचे लाकूड जळणाला तसे फारसे कामाचे नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट ओल्या-सुक्याची. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे सहाशे किलोकॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे दहा किलो ओले लाकूड चुलीत घातले तर त्यातले पाच किलो पाणी उडवण्यातच तीन हजार किलोकॅलरी जातात, आणि ती उष्णता भांड्याला लागतच नाही. वर आच मंद झाल्यामुळे लाकूड पुरते जळत नाही आणि धूर होतो. विज्ञानाच्या पुस्तकातील हे गणित पाड्यावरच्या बाईला अंकांत सांगता येणार नाही, पण तिला ते ठाऊक असते. ती दोन काटक्या एकमेकींवर आपटून पाहते. सुके लाकूड टणटण वाजते, ओले बद्द वाजते. सालीला नख लावून पाहते. टोकाला चिरा पडल्या आहेत का ते पाहते. सुकलेल्या लाकडातही दहा-पंधरा टक्के ओल राहतेच, आणि पावसाळी हवेत ती पुन्हा वाढते. म्हणून मृगाआधी आगोटीची बेगमी करताना तांदूळ, मीठ, सुकी मासळी यांच्या बरोबरीने फाटी भरून ठेवाव्या लागतात. त्या भिंतीला लागून रचल्या तर वाळवी लागते, म्हणून खाली दगड किंवा जाड ओंडके घालून त्यावर रचायच्या. रोजच्या लागणाऱ्या थोड्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवायच्या. खालच्या धुराने त्या सुकत राहतात आणि त्यांना कीडही लागत नाही.

आता हत्यारांकडे वळू. डोंगरात जाणाऱ्याचे पहिले हत्यार कोयता. पुढे चोचीसारखे वळलेले पाते, आतल्या बाजूला धार, आणि लाकडी मूठ. कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडी बांधलेली असते, तीत कोयता अडकवतात. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि झाडावर चढताना धार अंगाला लागत नाही. कोयत्याची चोच उगाच वाकवलेली नसते. फांदीवर घाव घातला तर ती घाव निसटू देत नाही, काट्यांची फांदी हात न लावता ओढून घेता येते, आणि जमिनीवर मारताना पात्याची धार दगडावर बसण्याआधी चोच टेकते. सरळ सुरीने ही तीन कामे होत नाहीत.

मोठ्या लाकडाला कुऱ्हाड. तोडायची कुऱ्हाड आणि फोडायची कुऱ्हाड यांत फरक असतो. तोडायची पातळ पात्याची असते, ती तंतू आडवे कापत जाते. फोडायची जाड आणि पाचरीसारखी असते, ती तंतूंना दोन बाजूंना लोटते. एकीचे काम दुसरीकडून घेतले तर पातळ कुऱ्हाड लाकडात रुतून बसते आणि जाड कुऱ्हाड उसळून मांडीवर येते. कुऱ्हाडीच्या भोकाला नेढे म्हणतात. दांडा नेढ्यात बसवून वरून लहानशी पाचर ठोकतात. दांडा फार सुका असेल तर कुऱ्हाड ढिली होते, म्हणून कामाच्या आदल्या रात्री ती पाण्यात बुडवून ठेवतात. नेढ्यातले लाकूड फुगते आणि पकड घट्ट होते.

दांड्यासाठी लाकूड निवडणे हे कुऱ्हाड निवडण्याहून कठीण आहे. दांडा टणक हवा, पण ठिसूळ नको. घावाचा धक्का त्याने स्वतः सोसायला हवा, तो मनगटात जाता कामा नये. धामणीचे लाकूड यासाठी प्रसिद्ध आहे, कारण ते लवते आणि मोडत नाही. कावडीचे दांडेही धामणीचे करतात. तिवस आणि बाभूळही चालते. सागाचा दांडा दिसायला सुंदर, पण मारात टिकत नाही. ज्याला आपण अडाणी म्हणतो तो माणूस फांदीचा तंतू कसा वळला आहे, गाठ कोठे आहे, साल कोणत्या बाजूने जाड आहे हे पाहून दांडा निवडतो. अभियांत्रिकी महाविद्यालयात यालाच पदार्थविज्ञानाचा एक भाग म्हणून शिकवतात.

पाते लोहार करतो. अलीकडे बरेचसे कोयते ट्रकच्या जुन्या पाट्यांच्या पोलादापासून बनतात, कारण ते पोलाद चिवट असते. पाते लाल तापवून घडवतात आणि शेवटी पाण्यात बुडवतात. याला पाणी देणे म्हणतात. पाणी जास्त झाले तर धार काचेसारखी कडक होते आणि पहिल्या गाठीला तिचा टवका उडतो. कमी झाले तर धार वळते. योग्य पाणी केवळ तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ठरवावे लागते. पुढे रोजची धार घरच्या दगडावर किंवा कानशीने.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चेणे ज्या डोंगररांगेला टेकले आहे त्याच रांगेत दक्षिणेकडे कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांचा तो विहार सुमारे हजार वर्षे नांदता होता. तेथील शिलालेखांत व्यापारी, सोनार, गृहस्थ, भिक्षुणी यांच्या दानांची नोंद आहे, आणि कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराचीही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे, त्याने दाराचे काम करवले. राजे-महाराजांच्या लेखांशेजारी लोहार आणि सुतार यांची नावे कोरली गेली, आणि त्यासाठी त्यांना आपला धंदा लपवावा लागला नाही. उलट नावासोबत धंदा लिहिला. कार्ल्याच्या छताला दगडात बसवलेल्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. त्या बसवणाऱ्या सुताराच्या हातात वाकस आणि करवत होतीच.

विनयपिटकातील चुल्लवग्गात संघाची मोठी मालमत्ता कोणती, जी कोणाला वाटून देता येत नाही, याची यादी आहे. विहार आणि त्याची जमीन, पलंग, धातूची भांडी यांच्या जोडीला तीत वासि, फरसु, कुठारी, कुद्दाल ही हत्यारे येतात. त्यांच्या मागोमाग वल्लि म्हणजे वेल, वेळु म्हणजे बांबू, गवत, माती आणि लाकडी सामान येते. विद्यार्थी मित्रांनी हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. कुठारी म्हणजे आपली कुऱ्हाड, कुद्दाल म्हणजे कुदळ, फरसु म्हणजे फरशी, आणि वेळु तर अजून वेळूच आहे. संघाने कुऱ्हाड-कुदळीला विहाराच्या जमिनीच्या पंक्तीला बसवले होते.

वासि म्हणजे सुताराचा वाकस. संयुत्तनिकायात तथागतांनी तिचा एक दृष्टांत दिला आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे दिसतात. आज दांडा किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. पण झिजला की झिजला हे कळते. साधना करणाऱ्याचे चित्तमळही असेच नकळत झिजतात. ज्याने स्वतः हत्यार धरले किंवा धरणाऱ्याचा हात जवळून पाहिला, त्यालाच असा दृष्टांत सुचतो. आपल्या घरातील जुन्या कोयत्याची मूठ हातात घेऊन पाहिली तर आजीचा अंगठा कोठे टेकत असे ते आजही बोटाला लागते.

लाकूड फोडण्याविषयी थोडे. ओंडका दुसऱ्या जाड ओंडक्यावर उभा करायचा, थेट जमिनीवर नाही, नाहीतर घाव मातीत जातो. पाय फाकवून उभे राहायचे, म्हणजे घाव चुकला तर कुऱ्हाड दोन पायांमध्ये जाईल. घाव मधोमध न घालता कडेला, जेथे आधीच चीर पडली आहे तेथे घालायचा. गाठीवर घालायचाच नाही, गाठ चुकवून दोन्ही बाजूंनी लाकूड सुटे करायचे. मोठा ओंडका असेल तर पहिल्या चिरेत खैराची पाचर बसवायची, मग घणाने ठोकत दुसरी पाचर पुढे. बळ खांद्यात नसते, कुऱ्हाडीच्या वजनात असते. माणसाने ती फक्त उचलायची आणि नेमकी सोडायची. नवखा माणूस दहा मिनिटांत दमतो तो जोर लावतो म्हणून. आणि पोकळ ओंडका दिसला तर आधी काठीने आपटून पाहायचे. विनयात भिक्षूंनी शेकोटी पेटवण्यावर जो निर्बंध आहे त्याची कथा हीच आहे. हिवाळ्यात काही भिक्षूंनी पोकळ ओंडका पेटवला आणि तापलेला काळा साप बाहेर पडून त्यांच्या अंगावर धावून गेला. डोंगरात फाट्या गोळा करणाऱ्या बायकांना ही कथा सांगितली तर त्या हसतील, कारण हे त्यांना सांगावे लागत नाही.

आता मोळीकडे. फांद्या तोडणे पुरुषाचे असेल, पण मोळी बाईची. पहाटे निघायचे, ऊन तापायच्या आत परतायचे. वाळक्या काटक्या, पडलेल्या फांद्या लांबीप्रमाणे लावायच्या, जाड आत आणि बारीक बाहेर, आणि केवणीच्या सालीने किंवा रानवेलीने दोन ठिकाणी आवळायच्या. डोक्यावर कापडाची किंवा गवताची चुंबळ, तिच्यावर वीस-पंचवीस किलोची मोळी. एकदा मोळी डोक्यावर गेली की खाली ठेवणे कठीण, कारण पुन्हा उचलून द्यायला दुसरे माणूस लागते. म्हणून वाटेत उंच दगड किंवा झाडाची दुबेळकी ठरलेली असते, तेथे मोळी टेकवून उभ्या-उभ्या विसावा घ्यायचा. वर्षानुवर्षे हे वजन पेलून मानेचे आणि कमरेचे काय होते, हे कोणत्याही पाड्यावरच्या साठीच्या बाईला विचारावे.

वाटेतले धोके वेगळेच. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यात चाळीसहून अधिक बिबटे आहेत. वाकून फाट्या गोळा करणारे माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते, म्हणून एकटे न जाणे आणि बोलत-बोलत जाणे हा शहाणपणा आहे. दुसरा धोका कायद्याचा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने लाकूड ही वनखात्याची वस्तू झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणणे गुन्हा झाला. खाडीकडचा मार्गही उरला नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर तिवरांची तोड बंद केली. ही बंधने चुकीची आहेत असे आम्ही म्हणत नाही. तिवरे गेली तर खाडीची मासळी जाते आणि भरतीचे पाणी गावात येते. पण बंधन आले तेव्हा चुलीचे काय, हा प्रश्न कोणी त्या बाईला विचारला नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या बाबतीत काहीसा न्याय केला. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासींना आणि अन्य पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क त्याने मान्य केला. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर काटक्याकुटक्या आणि झाडांचे बुंधेही येतात. राष्ट्रीय उद्यानाची जमीनही या कायद्याच्या व्याख्येतील वनजमिनीत मोडते. २००८ च्या आरंभी जे नियम लागू झाले त्यांत वाहतुकीची साधने म्हणून डोक्यावरील भारा, सायकल आणि हातगाडी यांचा उल्लेख होता. डोक्यावरची मोळी सरकारी नियमात आली ती अशी. बिगर-आदिवासींना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. आपल्या समाजातील जंगलालगतच्या कुटुंबांनी हे कलम लक्षात ठेवून जुने दाखले जपून ठेवावेत. उभे झाड तोडणे ही मात्र निराळी बाब आहे. शहर हद्दीत, स्वतःच्या अंगणातले झाड असले तरी, १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते.

लाकडावरून झगडा या जिल्ह्याला नवा नाही. ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपवाटिकेची जमीन राब करून भाजतात. शेण, झाडांचे टहाळ, गवत आणि वरून माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते पेटवतात. ऐनाचे टहाळ यासाठी विशेष वापरतात. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्रज सरकारने जंगले राखीव करून टहाळ तोडण्यावर बंधने आणली, तेव्हा जिल्ह्यात इतका असंतोष माजला की १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे जंगलांत ठेकेदार आले. लाकूड आणि कोळसा मुंबईला जाऊ लागला, आणि तोडणारे वारली, काथोडी मात्र वेठबिगारीत राहिले. काथोडी हे नावच खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. कात पाडणारा कर्जात आणि कात विकणारा माडीत, अशी ती व्यवस्था होती. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांनी परिषद भरवून वेठ करणार नाही असे ठरवले. कॉ. गोदावरी परुळेकरांनी तो सारा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आहे. १९४६ च्या संपात जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया मजुरी ही मागणी होती. काम तेच होते, कुऱ्हाडही तीच होती. मागणी फक्त मोबदल्याची होती.

आपल्या पूर्वजांची कथा याच्या शेजारचीच. महार वतनदाराच्या कामांच्या यादीत लाकूड जागोजागी येते. पाटील-कुलकर्ण्यांच्या दारी सरपण फोडून द्यायचे. फिरतीवरचा अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या छावणीला जळण पुरवायचे. गावात कोणी मेले की परगावी निरोप न्यायचा आणि सरणाला लाकडे पोहोचवायची. एका चितेला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागते, म्हणजे डोक्यावरून बारा-पंधरा मोळ्या. ते सरण रचले की रचणाऱ्याने दूर उभे राहायचे. देशावरील काही गावांत महारवाड्याच्या होळीतील विस्तव गावाच्या होळीला नेण्याची चाल होती. माणसाचा स्पर्श चालत नसे, त्याने पेटवलेला विस्तव चालत असे! कोकणात वतनाऐवजी खोताची वेठ होती, एवढाच फरक.

परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रश्नावर भाषणेच केली असे नाही. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकार कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कामे ठरलेली असावीत, मोबदला ठरलेला असावा आणि ज्याला वतन सोडायचे त्याला सोडता यावे, असा त्याचा रोख होता. विधेयक मंजूर झाले नाही. १९३७ साली त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने, ज्याचा अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून झाला. तोवर बाबासाहेब हयात नव्हते. पण त्याआधीच गावोगाव आपल्या माणसांनी सरणाची लाकडे वाहणे आणि फुकट सरपण फोडणे सोडले होते, आणि त्यासाठी बहिष्कार सोसला होता. लाकूड फोडण्याची त्यांना लाज नव्हती. जातीमुळे फोडावे लागते, हे त्यांनी नाकारले. त्यांच्यापैकी कित्येकजण पुढे मुंबईच्या वखारीत रोजाने तेच काम करीत होते आणि शनिवारी पगार घेऊन घरी येत होते.

या ठिकाणी मज्झिमनिकायातील दोन प्रसंग आठवतात. अस्सलायन नावाच्या तरुण ब्राह्मणाशी झालेल्या संवादात तथागत विचारतात, की उच्च कुळातल्या माणसाने चंदनाच्या लाकडावर घासून विस्तव काढला आणि चांडाळ कुळातल्याने कुत्र्याच्या पाणी पिण्याच्या कुंडाच्या किंवा एरंडाच्या लाकडावर घासून काढला, तर दुसऱ्या विस्तवाला ज्योत, तेज आणि उजेड नसतो काय? अस्सलायनाला कबूल करावे लागते की असतो. कण्णकत्थल सुत्तात कोसलराज पसेनदीला हीच गोष्ट साग, साल, आंबा आणि उंबर यांच्या लाकडांवरून समजावली आहे. यांपैकी साल ठाणे जिल्ह्यात नाही. बाकी तिन्ही झाडे चेण्याच्या डोंगरात उभी आहेत, आणि ज्याला खात्री करायची आहे त्याने चुलीजवळ बसून ती करावी. लाकडालाकडांत फरक आहे, तो आपण वर पाहिलाच. ज्योतीज्योतीत नाही.

पण चुलीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. चुलीच्या धुराने जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक. हा धूर सर्वांत जास्त घेते ती फुंकणी फुंकणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल. डोळे लाल होणे, दमा, मोतीबिंदू ही त्याचीच देणगी. १९८३ साली देशात सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला. धुरासाठी नळी असलेल्या चुली वाटल्या गेल्या. नळी काजळीने भरली की ती साफ कोण करणार हे ठरले नव्हते, म्हणून अनेक ठिकाणी पुन्हा तीन दगडांची चूल आली. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस झोपडीपर्यंत पोहोचला.

गॅस आणि मोळी यांचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. सुक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ३५०० किलोकॅलरी उष्णता असते. साध्या चुलीत त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी. शेगडीवर त्यातली साठ टक्के तरी उपयोगी पडते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. गुणाकार-भागाकार केला तर एक सिलिंडर दोनशे किलोंहून थोड्या अधिक लाकडाचे काम करतो. पंचवीस किलोची मोळी धरली तर आठ-नऊ मोळ्या, म्हणजे आठ-नऊ पहाटा. मजुरीवर जाणाऱ्या बाईने एका पहाटेची किंमत निम्मा रोज धरली तरी सिलिंडर स्वस्त ठरतो. मग तो सगळे का घेत नाहीत? कारण सिलिंडरला सगळे पैसे एकदम लागतात आणि मोळीला लागत नाहीत. ज्या घरात रोजचा रोज खर्च भागतो तेथे स्वस्त काय यापेक्षा आज काय परवडते हे आधी पाहावे लागते. आपल्या संस्थांच्या बचत गटांनी सिलिंडरसाठी लहान हप्त्यांची सोय केली, तर व्याख्यानांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल, असे आम्हांस वाटते.

मुंबईत लाकडाचे गिऱ्हाईकही आता घटत चालले आहे. बेकऱ्यांच्या भट्ट्या लाकडावर चालत. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. म्हणजे वखारीचा धंदा आणखी आटणार, आणि मोळी राहिली तर ती घरच्या चुलीपुरती राहणार. त्याबरोबर कोणत्या लाकडाचा निखारा रात्रभर टिकतो, दांड्याला फांदी कशी निवडावी, केवणीची साल कोणत्या महिन्यात सोलावी, हे माहीत असणारी माणसेही कमी होत जातील. ज्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असतो त्यांनी सुट्टीत वही घेऊन आपल्या आजी-आजोबांपाशी किंवा चेण्याच्या पाड्यांवर बसावे. झाडांची नावे तेथील बोलीत जशी सांगतील तशीच लिहावीत, पुस्तकी नाव नंतर शोधावे. हत्याराचे चित्र काढून प्रत्येक भागाला काय म्हणतात ते विचारावे. मजुरी काय मिळत होती, कोण देत होते आणि कोण देत नव्हते, हेही विचारावे. या प्रश्नाला उत्तर मिळायला वेळ लागतो. मृग लागायच्या आधी जावे. त्या दिवसांत फाटी रचून झालेल्या असतात, कोयता तेल लावून कुडात खोचून ठेवलेला असतो, आणि माणसांना बोलायला थोडी सवड असते.